पौर्णिमाच्या नाकाची गोष्ट

पिंपळखुटा, ता. आर्वी
३ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमास,

पिंपळखुट्याच्या आनंदाबाईचा, म्हंजे तुह्या आजीचा, जयभीम.

लिहिणारी आपली शेजारची पंचफुला. अंगणवाडीत होती म्हणून तिचं अक्षर गोल गोल येते. मी बोलतो, ते लिहिते. मधात सोताची अक्कल घालू नको म्हणून सांगून ठेवलं हाय. (घालणार नाही. – पंचफुला)

फोन कर म्हणतं तू, पन फोनवर मले तुहा आवाज डब्यात खडे हालवल्यावानी येते. पत्र बरं. पंचफुला कानाजवळ येऊन दोनदोनदा वाचते, समजलं नाई त तिसऱ्यांदा.

तुह्या साक्षगंधाचा फोटो तुह्या बापानं मोठा करून आणला. श्रावणले तेवढंच काम बरोबर जमते. भिंतीवर लावला. पंचफुला म्हणे, जोडा शोभते वं आजी. म्या म्हटलं, शोभते, पन त्या फोटोवाल्याचे हाल झाले असन. आधी त्यानं नाक बसवलं, मंग उरल्या जागेत तुले बसवलं, अन नवरदेव अंकित बिचारा पार चौकटीच्या कडेले गेला. जरासाक आखीन लोटला असता त त्याच्या हिंगणघाटच्या मिलमध्येच जाऊन पडला असता.

रागावू नको. ते नाक माह्यंच हाय. मधात उंट बसल्यावानी उंचवटा, अन टोक खाली. तुह्या बापाले चुकवून सरळ तुह्याकडे आलं. अंकितले म्हणा, बायकोसंग नाकाचं घर फुकट भेटून राह्यलं.

माह्याकडे या हप्त्यात तीन पोरी नाक टोचाले आल्या. आर्वीत मशीननं टोचते आता, पन मायांचा इश्वास अजून माह्याच हातावर हाय. शाळेतले पोट्टे फार त्रास देते का? गणिताच्या मास्तरणीले कोनी सुखानं राहू देत नाई. पत्र लिहिजो.

तुही आजी

---

हिंगणघाट
१० फेब्रुवारी २०२५

ति. आजीस सप्रेम जयभीम.

हे पत्र पंचफुलाकाकूंशिवाय कोणालाही वाचायला देऊ नकोस. पप्पांना तर अजिबात नाही. आधी तसं कबूल कर, मग पुढचं ऐक. काकू, ती कबूल झाली का? मगच वाचा.

आजी, मी नाक नीट करून घेणार आहे. घाबरू नकोस, ऑपरेशन नाही, चिरफाड नाही. इंजेक्शननं करतात. कातडीखाली एक जेल भरतात, त्याला फिलर म्हणतात. उंचवट्याच्या वरच्या आणि खालच्या जागेत भरलं की खड्डे बुजतात आणि रेष सरळ दिसते. टोकाला थोडं भरलं की ते वर उचललं जातं. अर्ध्या तासाचं काम. दूर कुठे जायचंही नाही, इथेच हिंगणघाटात एक ब्युटी क्लिनिक नवीन झालंय, तिथल्या मॅडम करतात. वर्ष-दीड वर्षात ते आपोआप विरून जातं म्हणे. म्हणजे लग्नापुरतं तरी होईल.

का, ते विचारशील. साक्षगंधाच्या मांडवात सगळ्यांसमोर एक जण माझ्या नाकावरून बोललं. सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन कपडे बदलताना आरशात पाहिलं आणि मग आरशाला पाठ करूनच बसले. तेव्हापासून वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवलं की बरं वाटतं. पोरांकडे वळले की वाटतं ती तेच पाहताहेत. कोण बोललं ते विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुला सांगतेय ते एवढ्यासाठी की तू अर्ध्या तालुक्याची नाकं टोचलीस. टोकाला सुई गेली की फार दुखतं का?

तुझी पौर्णिमा

---

पिंपळखुटा
१५ फेब्रुवारी २०२५

पौर्णिमा,

जयभीम. पत्र ऐकलं. पंचफुलाले म्या तीनदा वाचाले लावलं. मले वाटलं तेच मधात काहीतरी घालून राह्यली. (मी काही घातलं नाही. मलाही धक्काच बसला. – पंचफुला)

नाक मोठं हाय, म्हणून त्यात आखीन भराचं? अवो बाई! पोतं जड झालं म्हणून कोनी त्यात आखीन कापूस कोंबते का? तू गणित शिकवतं ना वं? हे कोनतं गणित हाय, ज्यात मिळवलं की कमी होते?

दुखते का इचारतं. दुखन. पन दुखण्याचं मले काही नाई, दुखणं जाते. माह्या डोक्यात दुसरंच घुमून राह्यलं. ते मॅडम डॉक्टर हाय का? शिकून झालेली डॉक्टर, पांढरा कोटवाली नाई. पांढरा कोट त आपला चक्कीवाला बी घालते, पीठ लागू नये म्हणून. ते जे भरते त्याचं नाव काय, अन डब्बी तुह्या डोळ्यांसमोर फोडते का आधीच भरून ठेवते? अन समज, वाकडं गेलं, तर काढते कशानं? काढाचं औषध तिच्या कपाटात हाय, का नागपूरच्या दुकानात हाय? हे सारं इचार. इचाराले लाज वाटली त माह्यं नाव सांग, म्हणा घरी एक खवट बुढी हाय, ते इचारून राह्यली.

आता माह्या हातातलं सांगतो. नाक टोचाच्या आधी मी नाकाची कड चिमटीत दाबतो अन सोडतो. दाबलेली जागा पांढरी पडते. मी मनात एक, दोन, तीन म्हणतो, तेवढ्यात तिथं रगत परत आलं पायजे, लाल झालं पायजे. आलं त टोचतो. उशीर लागला, का जागा निळसर राह्यली, त मी सुई ठेवून देतो अन मायले सांगतो, आज नाई. पन्नास वर्सांत एका बी पोरीचं नाक सडलं नाई, ते ह्या तीन आकड्यांमुळं. नाकाच्या टोकाले रगत नेणाऱ्या वाटा केसावानी बारीक रायते, बाई. तिथं मधात काही येऊन बसलं त पलीकडचं उपाशी मरते.

अन कोन बोललं ते तू सांगू नको, मले समजलं. ते यशोदाबाई. तुही होणारी सासू. त्या दिवशी तुह्याकडे अशी पाहून राह्यलती, जशी बाजारात वांगे उलटून उलटून पाहते. एवढी सोन्यासारखी पोट्टी देऊन राह्यलो आम्ही, अन हिले नाकाची पडली!

जाऊ नको. निदान मी म्हणतो तोवर जाऊ नको.

आजी

---

हिंगणघाट
२५ फेब्रुवारी २०२५

ति. आजी,

तुझं पत्र मिळालं तेव्हा चार दिवस उशीर झाला होता. मी सोळा तारखेच्या रविवारीच जाऊन आले.

आणि आजी, काय सांगू! नाक सरळ दिसतं. बाजूनं फोटो काढला, विश्वासच बसला नाही. उंचवटा गेला नाही, पण वरखाली भरल्यामुळे लपला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, झोप छान झालेली दिसते. कोणाला काही कळलं नाही, फक्त मी चांगली दिसते एवढंच कळलं. असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन आरसा पाहिला.

तुझं पत्र आल्यावर मॅडमना फोन केला, पण तू विचारलेलं सगळं विचारायला जमलं नाही. मॅडम डॉक्टर नाहीत, पण त्यांनी नागपूरला कोर्स केलाय, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. डबीवर काय लिहिलं होतं ते मी पाहिलं नाही, मी आडवी होते. काढायचं औषध असतं, 'लागलं तर मागवून घेऊ' म्हणाल्या.

एकच जरा भीती वाटली. टोकाला सुई घातली तेव्हा टोक एकदम पांढरं झालं, खडूसारखं. मॅडमनी चोळलं, बर्फ लावला आणि हसून म्हणाल्या, नॉर्मल आहे, सगळ्यांचं होतं. दहा मिनिटांनी रंग आला.

टोक अजून थोडं खाली वाटतं म्हणून दुसरी बैठक ठरवलीय, येत्या सोमवारी, तीन तारखेला, शाळा सुटल्यावर साडेचारला. मग संपलं.

कोण बोललं याबद्दल तू जे समजलीस ते समजलीस. मी काही म्हणत नाही. पण तो विषय वाढवू नकोस.

तुझी पौर्णिमा

---

पिंपळखुटा
३ मार्च २०२५, सोमवार, सकाळ

पौर्णिमा,

हे पत्र एसटीनं पाठवून राह्यली. पंचफुला सोता आर्वी डेपोत जाऊन हिंगणघाटच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देणार हाय. स्टँडवर कंट्रोलरजवळ ठेवन. तुह्या फोनवर तिनं तीनदा फोन लावला, तू उचलत नाई. आता मेसेज टाकून राह्यली.

तुहं पत्र शनवारीच आलं होतं. पंचफुला बहिणीकडे गेलती, आज सकाळी आली. दोन दिवस ते पत्र माह्या उशीखाली होतं, पोरी. मी काढून पाहे, वास घेई, परत ठेवी. तुह्या बापाले वाचाले देता आलं असतं, तो समोर बसून चहा पिऊन राह्यला होता. पन तुले कबूल केलं होतं ना. माह्या हातात होतं सारं, अन मले एक अक्षर सांगत नव्हतं.

आता ऐक. पांढरं पडलं? खडूवानी? दहा मिनिटं? अन ते बाई हसली? मी तीन आकडे मोजतो, तिनं दहा मिनिटं मोजले अन म्हणाली नॉर्मल? तिथं रगत थांबलं होतं वं! त्या दिवशी सुटलं, तुहं नशीब. ज्या वाटेत एकदा अडलं, त्याच वाटेत परत सुई घालाले चालली का तू?

आज जाऊ नको. गेली असशीन त दाबून पाह्य. दाब, सोड, मोज. लाल नाई आलं, का जाळीवानी जांभळं दिसलं, का जास्तच दुखलं, त त्या मॅडमले इचारू नको, बर्फ लावू नको, सरळ मोठ्या दवाखान्यात जा अन सांग की नाकात असं असं भरलं हाय. लपवू नको.

अन उद्या मी हिंगणघाटले येऊन राह्यली. पन आधी तुह्याकडे नाई. आधी यशोदाबाईकडे.

आजी

---

पिंपळखुटा
५ मार्च २०२५

पौर्णिमा,

जयभीम. तुह्या पत्राची वाट पाहून राह्यलो. तुह्या खोलीवर बी आलतो, कुलूप होतं. शाळेतून घरी आली नसशीन असं वाटलं.

काल मी अन पंचफुला यशोदाबाईच्या दारात दुपारी बारा वाजता उभ्या. ते बाई तांदूळ निवडून राह्यली होती. या माय, बसा म्हणे, पानी आणलं. म्या पानी नाई घेतलं. म्या म्हटलं, बाई, आमच्या पोरीचं नाक पसंत नव्हतं त साक्षगंधाच्या आधी सांगाचं होतं. मांडवात चार लोकांसमोर नाकावरून हसले तुम्ही, अन आमच्या पोरीनं नाकात इंजेक्शनं भरून घेतले! पांढरं पडलं होतं तिचं नाक, मड्यावानी!

त्या बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. म्या काय बोलली माय, म्या काय बोलली, एवढंच म्हणत बसली अन रडाले लागली. भली नाटकी बाई हाय. सारी गल्ली दारात आली. मले जोर चढला, मी आखीन बोलली. काय काय बोलली ते पंचफुला लिहीत नाई. (लिहिण्यासारखं नव्हतं. – पंचफुला)

अन तुहा अंकित? त्याची संध्याकाळची पाळी होती म्हणून घरीच होता. मी बोलून राह्यली तोवर खांबासारखा उभा. 'इंजेक्शन' ऐकलं अन त्यानं चप्पल घातली, गाडी काढली अन गेला. भिऊन पळाला! म्या पंचफुलाले म्हटलं, पाह्य, नाक लहान हाय पन पाय लांब हाय याचे.

आता लग्न मोडलं त मोडलं. तुले नाकासकट घेणारा दुसरा भेटन. पत्र लिही.

आजी

---

हिंगणघाट
१५ मार्च २०२५

ति. आजीस जयभीम.

पप्पांनी तुला 'थोडं इन्फेक्शन झालं होतं' एवढंच सांगितलं, हे मला कळलं. आज मी तुला सगळं सांगणार आहे. काकू, तुम्ही काही गाळू नका. तिला वाईट वाटेल म्हणूनही नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर काकूंचे तीन फोन येऊन गेलेले दिसले. मला वाटलं तू रागावणार. मी परत फोन केला नाही, मेसेजही उघडला नाही आणि क्लिनिकमध्ये गेले. टोकाला सुई घातल्याबरोबर अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा पांढरं झालं. पुन्हा बर्फ. पुन्हा नॉर्मल. बाहेर आल्यावर काकूंचा मेसेज वाचला, घरी जाताना स्टँडवरून तुझं पत्र घेतलं आणि तिथेच बाकावर बसून वाचलं. मोबाईलमध्ये पाहून नाक दाबलं, सोडलं आणि मोजलं. एक, दोन, तीन. मी अकरापर्यंत मोजलं, आजी. रंग आला नाही.

आणि तरीही मी दवाखान्यात गेले नाही. तिथे काय सांगू, कोणी विचारलं तर काय सांगू, पप्पांना कळेल, अंकितला कळेल, याच विचारात खोलीवर जाऊन पडले. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या सूज आहे, सकाळी उतरेल. सकाळी टोकापासून गालापर्यंत आणि भुवयांच्या मध्ये जांभळी जाळी उमटली होती. तू लिहिली होतीस तशीच. मी ओढणी बांधून बसून राहिले, शाळेत कळवलं की ताप आहे.

दुपारी अंकित आला. तो पळाला नव्हता. तुझं ओरडणं ऐकून तो थेट माझ्याकडे आला. त्यानं ओढणी काढायला लावली आणि काही न विचारता गाडीवर बसवलं. तू आलीस तेव्हा कुलूप होतं ते त्यामुळे.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेल रक्तवाहिनीत गेलंय. विचारू लागल्या, कोणतं जेल, कुठल्या नावाचं? मला सांगता येईना. अंकितनं क्लिनिकमध्ये जाऊन कचऱ्यातली रिकामी डबी शोधून आणली. नशीब की ते विरघळणाऱ्या जातीचं निघालं. काही जातींना विरघळवायचं औषधच नसतं. मग दर तासाला विरघळवणारी इंजेक्शनं, त्याच नाकात, मोजायचं सोडून दिलं मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चेहऱ्यावर फिलरसाठी सगळ्यात धोक्याची जागा नाकच, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिनीला जाऊन मिळतात. चुकून तिकडे गेलं असतं तर काही मिनिटांत डोळा गेला असता आणि कोणत्याच इंजेक्शननं परत आला नसता. आणखी एक दिवस घरी बसले असते तर टोक गेलं असतं. आता टोकावर काळी खपली आहे. ती पडली की खाली डाग राहील, कदाचित खड्डाही. उंचवटा परत आलाय, जसा होता तसा.

यशोदाबाई पाच दिवस रोज डबा घेऊन आल्या. एक शब्द विचारला नाही. त्यांच्याकडे पाहायची मला लाज वाटत होती.

कारण त्या काहीच बोलल्या नव्हत्या, आजी. तू बोलली होतीस.

फोटो काढताना. तू माईकजवळ उभी होतीस. म्हणालीस, "नवरदेवा, जरा दूर उभा राह्य बाप्पा, पोट्टीनं मान वळवली त डोळा फुटन तुहा." सगळा मांडव हसला. अंकितला काय करावं कळेना म्हणून तोही हसला. मी सात वर्षांची होते तेव्हा तू शाळेच्या फाटकावर मला हाक मारायचीस, "या नाकवाल्या बाई!" आणि मग अख्खी शाळा मला तेच म्हणायची. मी दरवेळी हसले. न हसता काय करतात ते मला कोणी शिकवलं नाही.

तू यशोदाबाईंचं नाव घेतलंस तेव्हाच मी सांगायला हवं होतं. तुला दुखवायचं धाडस झालं नाही, म्हणून त्यांना दुखू दिलं. ते माझं चुकलं. बाकीचं तुझं.

पौर्णिमा

---

पिंपळखुटा
२५ मार्च २०२५

पौर्णिमा,

पत्र ऐकून सहा दिवस झाले. रोज पंचफुला कागद घेऊन येऊन बसे अन रोज मी तिले परत पाठवी. बोलाचं म्हटलं की तोंडातून गंमतच याले पाहे. इतकी सवय झाली जिभेले. आज बोलतो.

पह्यले यशोदाबाईचं. परवा मी एकटी गेली. त्याच दारात, त्याच गल्लीत, मोठ्यानं सांगतलं की बाई, तुम्ही काही बोलल्या नव्हत्या, बोलणारी मी. शेजारच्या बाया परत दारात आल्या, येऊ दिल्या. यशोदाबाई म्हणे, माय, तुम्ही त्या दिवशी एवढ्या बोंबलल्या म्हणून त आमच्या पोराले समजलं. मले हे ऐकून बरं नाई वाटलं. मी चुकीच्या घरी जाऊन चुकीच्या बाईले रडवलं, अन तेवढ्या चुकीच्या गोठीनं तुहं नाक वाचलं, हे कसं माह्या नावावर लावून घेऊ मी?

आता तुहं. तुह्या आधी तुह्या मायची दोन लेकरं गेली. एक सवा महिन्याचं. एक रडलं बी नाई. मंग तू झाली. दाई तुले पुसता पुसता म्हणाली, काय देखणी पोट्टी हाय, नाक त पाह्य कसं हाय, राणीवानी. म्या तुले लगेच पदराखाली झाकलं.

छप्पन साली मी पाच वर्साची होती. माह्या बापानं घरातले देव, ताईत, काळे दोरे, सारे एका टोपल्यात भरून नदीत सोडले अन आमाले सांगतलं, आजपासून दृष्ट नाई, भूत नाई, भेव नाई. म्या आयुष्यभर ते सांभाळलं. गावातल्या बायांच्या दारावरचे लिंबू-मिरच्या म्या सोता तोडले. मंग तुह्या कपाळाले काजळाचा टिळा मी कोन्या तोंडानं लावू? पन भेव त गेलं नव्हतं. दोन लेकरं गेलेल्या घरात ते जात नाई. म्हणून म्या तोंडानं टिळा लावला. कोनी तुले चांगली म्हणाच्या आधी मीच वाईट म्हणून टाकू. लोकं हसले की मले वाटे, चला, आजचं टळलं.

हे झालं खरं. पन सारंच खरं नाई. तू पाच वर्साची झाली, धडधाकट झाली, भेव केव्हाच सरलं होतं, तरी मी थांबली नाई. लोकं हसत, मले गोड लागे. टिळा इसरला, हसवाची चटक राह्यली. मांडवात माईकजवळ मी दृष्टीसाठी नव्हती बोलली. टाळ्या भेटाव्या म्हणून बोलली.

अकरापर्यंत मोजलं म्हणतं तू. सहा दिवस झाले, मी जेवाले बसली का ते आकडे डोक्यात सुरू होते. पन्नास वर्सं दुसऱ्यांच्या पोरींचं नाक दाबून पाहणारी मी, माह्या पोरीचं रगत मीच थांबवून ठेवलं होतं. मले दिसलं नाई.

मी माफी मागत नाई. मागितली की तुले द्या लागन, तू तशीच हाय. मी फक्त इचारतो. लग्नाले मी येऊ का? नाई म्हणशीन त श्रावणले सांगन की बुढीचे पाय दुखते. तेवढं खोटं मले जमते. पन जे असन ते सोता लिही.

आनंदाबाई

(आजीनं पहिल्यांदाच 'मधात काही घालू नको' असं सांगितलं नाही. मी तरी काही घातलं नाही. – पंचफुला)

---

हिंगणघाट
१९ एप्रिल २०२५

ति. आजी,

उत्तराला उशीर झाला. खपली पडायची वाट पाहत होते. पडली. टोकावर डाळीएवढी जागा गुलाबी आहे आणि जराशी आत गेलीय. वर्गात एका मुलीनं विचारलं, बाई, काय झालं? मी सगळ्या वर्गाला सांगितलं. कुठे गेले, काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं नाही. तास गणिताचा होता, पण चालून गेलं.

टिळ्याचं वाचून मला रडू आलं. आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत. राग गेला की कळवीन, खोटं नाही लिहिणार.

लग्न ठरलेल्या तारखेलाच, रविवारी अकरा मे रोजी, इथेच आहे. अंकितनं तारीख बदलू दिली नाही. आदल्या शुक्रवारी पप्पांसोबत सकाळच्या गाडीनं ये. पाय दुखत असले तरी ये. शनिवारी हळद आहे, पहिला हात तूच लावायचा. यशोदाबाईंनाही तसं सांगून ठेवलंय.

कपाळाला लाव, गालांना लाव, हनुवटीला लाव. नाकाचं टोक सोडून लाव. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आणि मीही सांगतेय.

तुझी पौर्णिमा